अथेन्सचा मद्यकुंभ इटलीला का परत गेला?

उंची साधारण ४६ सेंटिमीटर, व्यास ५५ सेंटिमीटर. आत ४५ लिटर तरी मावेल एवढा मातीचा कुंभ. प्राचीन ग्रीक लोक वाइन नुसती पीत नसत. बैठकीच्या मधोमध असा मोठा कुंभ ठेवायचे, त्यात वाइन आणि पाणी कालवायचे आणि मग पेल्यांतून वाढायचे. अशा कुंभाला क्रेटर म्हणतात. हा क्रेटर इ.स.पू. ५१५ च्या सुमारास अथेन्समध्ये घडला. घडवणारा कुंभार युक्सिथिओस, रंगवणारा युफ्रोनिओस. दोघांची नावं कुंभावर लिहिलेली आहेत.

चित्र ट्रॉयच्या युद्धातलं आहे. झ्यूसचा मुलगा सार्पेडॉन रणांगणावर मरून पडलाय. निद्रा आणि मृत्यू हे दोन पंखधारी भाऊ त्याचा देह उचलून त्याच्या मुलखात, लिसियाला नेतायत. मागे देवांचा दूत हर्मीस उभा आहे. पार्श्वभूमी सगळी काळी, आणि आकृत्या भाजलेल्या मातीच्या तांबूस रंगात सोडलेल्या. त्या तांबूस जागेत युफ्रोनिओसने बारीक रेघांनी पोटाचे, मांडीचे स्नायू काढलेत. जखमांतून रक्त ओघळतंय, एक हात निर्जीव होऊन खाली लोंबतोय. अडीच हजार वर्षांपूर्वी ओल्या मातीवर ज्याने हे काढलं त्याचा हात किती स्थिर असेल, याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं.

आता प्रश्न असा, की हा कुंभ कुणाचा?

घडला अथेन्समध्ये, म्हणजे ग्रीसचा म्हणावा. पण तो सापडला इटलीत, रोमच्या वायव्येला चेर्वेतेरी नावाच्या गावाजवळच्या एका थडग्यात. तिथे त्या काळी एत्रुस्कन लोक राहायचे. ते ग्रीक नव्हते आणि रोमनही नव्हते. त्यांची भाषा वेगळी, देव वेगळे. पण अथेन्सच्या चित्रित भांड्यांचं त्यांना विलक्षण वेड होतं. पैसे मोजून ते ही भांडी मागवायचे आणि आपल्या माणसांबरोबर थडग्यात ठेवायचे. आज जगभरच्या संग्रहालयांत दिसणारी अथेन्सची धड, न फुटलेली भांडी मोठ्या संख्येने इटलीतल्या एत्रुस्कन थडग्यांतून आलेली आहेत. आणि १९७२ ते २००८ अशी पस्तीस वर्षं हा कुंभ होता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये, म्हणजे लोक ज्याला थोडक्यात ‘मेट’ म्हणतात तिथे. मेटने त्यासाठी दहा लाख डॉलर मोजले होते. एखाद्या प्राचीन भांड्यासाठी तोपर्यंत कुणी एवढी रक्कम दिली नव्हती.

अथेन्सचा कुंभार, एत्रुस्कन गिऱ्हाईक, इटलीची जमीन, अमेरिकन पैसा. भूमध्य समुद्राभोवतीच्या जवळजवळ प्रत्येक पुराणवस्तूच्या वादात हेच चार धागे कमी-अधिक प्रमाणात गुंतलेले असतात. त्यामुळे हे एक प्रकरण नीट समजलं की बाकीचे वाद समजायला सोपे जातात.

हा कुंभ न्यूयॉर्कला पोचला तो चोरवाटेने. डिसेंबर १९७१ मध्ये थडगी फोडणाऱ्या टोळीने तो बाहेर काढला. इटलीत हा पिढ्यानपिढ्या चालत आलेला धंदा होता. लांब लोखंडी सळई जमिनीत खुपसायची, खाली पोकळी लागली की रात्रीतून खणायचं. टोळीकडून माल गेला जाकोमो मेदिची या दलालाकडे, त्याच्याकडून रॉबर्ट हेक्ट या अमेरिकन व्यापाऱ्याकडे आणि हेक्टकडून मेटकडे. प्रत्येक टप्प्यावर किंमत फुगत गेली.

मेटने विचारलं, हा आधी कुणाकडे होता? हेक्टने सांगितलं, बैरूतच्या एका व्यापाऱ्याकडे. त्याच्या वडिलांनी तो १९२० मध्ये लंडनमध्ये मिळवला होता. पत्रंही दाखवली. ही गोष्ट रचायला एक कारण होतं. इटलीत १९०९ पासून कायदा आहे, की जमिनीखालून निघालेली पुराणवस्तू सरकारच्या मालकीची. नुकतीच इटलीत खणून काढलेली वस्तू म्हणजे सरळसरळ चोरीचा माल. पण ती अर्धं शतक लंडन-बैरूतमध्येच होती असं दाखवलं, की इटलीने सिद्ध काय करायचं? अशा व्यवहारांत वस्तूचा ‘मालकी-इतिहास’ हाच सगळ्यात महत्त्वाचा कागद असतो, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त खोटेपणा त्यातच होतो. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांनी काही महिन्यांतच या गोष्टीवर शंका घेतली होती. पण शंका म्हणजे पुरावा नव्हे, आणि मेट हटलं नाही.

पुरावा मिळायला १९९५ साल उजाडलं. इटलीच्या पोलिसांचं कलावस्तूंसाठीचं खास पथक १९६९ पासून काम करतंय. त्यांच्या तपासातून स्विस पोलिसांच्या मदतीने जिनिव्हातल्या करमुक्त गोदामांवर छापा पडला. तिथे मेदिचीच्या नावाशी जोडलेल्या खोल्यांत हजारो वस्तू आणि त्याहून मोलाची अशी हजारो छायाचित्रं सापडली. कित्येक पोलरॉइड फोटोंत भांडी मातीने माखलेली, तुकड्यांत, नुकतीच खणल्यासारखी. त्याच वस्तू पुढच्या फोटोंत स्वच्छ, जोडलेल्या. आणि मग मोठ्या संग्रहालयाच्या काचेमागे. एक फोटो तर खुद्द मेदिचीचा, मेटमध्ये या कुंभाच्या शेजारी उभा असलेला. पोलरॉइडचा इथे एक वेगळाच फायदा झाला. तो कॅमेरा बाजारात आलाच मुळात विसाव्या शतकाच्या मध्यावर. मातीने माखलेली वस्तू पोलरॉइडमध्ये दिसते, म्हणजे ती त्याच्या कितीतरी आधीपासून कुणाच्या तरी जुन्या संग्रहात होती, असं म्हणणं टिकत नाही. पुढे २००१ मध्ये हेक्टच्या पॅरिसच्या घरी त्याच्या आठवणींचं हस्तलिखित सापडलं. त्यात या कुंभाच्या दोन कहाण्या होत्या, एक बैरूतची आणि एक मेदिचीची.

मेदिचीला २००४ मध्ये शिक्षा झाली. हेक्टवरचा खटला मुदत संपल्यामुळे निकालाविनाच बंद झाला. फेब्रुवारी २००६ मध्ये मेटने इटलीशी करार केला: हा कुंभ धरून २१ वस्तू परत द्यायच्या, बदल्यात इटलीने तोलामोलाच्या दुसऱ्या वस्तू दीर्घ मुदतीवर उसन्या द्यायच्या. जानेवारी २००८ मध्ये कुंभ रोमला पोचला आणि पुढे चेर्वेतेरीच्या छोट्याशा संग्रहालयात, जिथून तो निघाला होता त्याच परिसरात गेला.

अनेकांना इथे खटकतं. न्यूयॉर्कमध्ये लाखो लोक बघत होते, आता एका लहान गावात किती जण जाणार? आणि एवीतेवी ग्रीक वस्तू, ती इटलीला देऊन ‘घरी’ कशी गेली?

माझ्या मते दोन्ही प्रश्न मुद्द्याच्या बाजूने निघून जातात. चोरीत खरं नुकसान काय झालं ते बघायला हवं. कुंभ तर शाबूत आहे. गेलं ते थडगं. तो कुणाबरोबर पुरला होता, पुरुषाबरोबर की बाईबरोबर? त्याच्या आत काय होतं? शेजारी कुठली भांडी, कुठले दागिने, कुठली शस्त्रं होती? तो नवा असतानाच पुरला, की दोन-तीन पिढ्या घरात वापरून मग? त्या घराला सार्पेडॉनची गोष्ट ठाऊक होती का? मेलेल्या वीराला निद्रा आणि मृत्यू अलगद घरी नेतायत, हे चित्र थडग्यासाठी मुद्दाम निवडलं होतं का? एत्रुस्कन लोकांचं स्वतःचं साहित्य जवळजवळ काहीच उरलेलं नाही. त्यांच्याबद्दल आपल्याला जे कळतं ते मुख्यतः थडग्यांतूनच. खुनाच्या जागेवरून सगळ्या वस्तू उचलून, धुऊन-पुसून बाजारात विकाव्यात आणि मग तपास करा म्हणावं, तसं हे आहे. पुरातत्त्वज्ञाने तेच थडगं उघडलं असतं तर प्रत्येक थराचं चित्र, प्रत्येक हाडाची जागा नोंदली गेली असती. टोळीने एका रात्रीत ते संपवलं, आणि जगातला कुठलाही करार ते परत आणू शकत नाही.

बाजारात किंमत असते म्हणून थडगी फुटतात. संग्रहालय दहा लाख डॉलर देतं हे कळलं, की पुढच्या रात्री आणखी दहा सळया जमिनीत जातात. म्हणून युनेस्कोच्या १४ नोव्हेंबर १९७० च्या कराराला एवढं महत्त्व आहे. बेकायदा बाहेर गेलेल्या सांस्कृतिक वस्तूंचा व्यापार रोखायचा, असं देशांनी त्यात मान्य केलं. मोठ्या बाजारपेठांनी सही करायला मात्र बराच वेळ लावला: अमेरिका १९८३, ब्रिटन २००२, स्वित्झर्लंड २००३. करार मागच्या तारखेने लागू होत नाही. तरी आता १९७० ही एक रेघ झाली आहे. वस्तू १९७० च्या आधी मूळ देशाबाहेर होती याचा कागद नसेल किंवा नंतर ती कायदेशीर बाहेर आल्याचा पुरावा नसेल, तर ती घ्यायची नाही, असं अमेरिकेतल्या कला-संग्रहालयांच्या संचालकांच्या संघटनेने २००८ मध्ये ठरवलं.

मग १९७० च्या आधीचं काय?

तिथे पार्थेनॉन येतं. इ.स.पू. ४४७ ते ४३२ या काळात अथेन्सच्या टेकडीवर बांधलेलं अथेना देवीचं मंदिर. पुढे ते चर्च झालं, मग मशीद. अथेन्स तुर्कांच्या ताब्यात होतं; १६८७ मध्ये त्यांनी तिथे दारूगोळा साठवला होता, त्यावर व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा पडला आणि मधला भाग उडाला. १८०१ पासून इस्तंबूलमधला ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिन याच्या माणसांनी उरलेल्या शिल्पांपैकी बरीचशी उतरवली; काही तर करवतीने कापून. १८१६ मध्ये ब्रिटिश संसदेने ती ३५,००० पौंडांना विकत घेऊन ब्रिटिश म्युझियमला दिली. मंदिराभोवती फिरणारा शिल्पपट्टा मुळात १६० मीटरचा होता. त्यातले सुमारे ७५ मीटर आज लंडनमध्ये आहेत.

एल्गिनकडे परवानगी होती का? तुर्की सरकारच्या पत्राचं एक इटालियन भाषांतर तेवढं उरलंय. त्यात दगडाचे ‘काही तुकडे’ नेण्याबद्दल एक ओळ आहे. जमिनीवर पडलेले तुकडे न्यावेत, की भिंतीवरची शिल्पं उतरवावीत? दोनशे वर्षं वकील यावर भांडतायत. मला त्यापेक्षा साधी गोष्ट महत्त्वाची वाटते: परवानगी देणारी सत्ता परकी होती आणि ज्यांचं मंदिर होतं त्यांना कुणी विचारलंच नाही. शिवाय ही शिल्पं म्हणजे सुट्या मूर्ती नव्हेत, एका इमारतीचे अवयव आहेत. एकाच मिरवणुकीतले निम्मे घोडेस्वार अथेन्समध्ये आणि निम्मे लंडनमध्ये. अथेन्सने २००९ मध्ये टेकडीच्या पायथ्याशी नवं संग्रहालय उघडलं. तिथे मूळ शिल्पांच्या ओळीत लंडनला असलेल्या भागांच्या जागी प्लास्टरच्या पांढऱ्याफटक प्रती बसवल्यात. कुठलं आपलं आणि कुठलं गेलेलं, ते लांबूनही कळतं.

ब्रिटिश म्युझियमची कायदेशीर अडचण खरी आहे. १९६३ चा कायदा विश्वस्तांना अशा वस्तू कायमच्या देऊन टाकायला मनाई करतो. मग उरतो उसनं देण्याचा मार्ग. आपल्याकडे २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं साताऱ्याला आली, तीही तीन वर्षांच्या बोलीवर उसनी. त्या संग्रहालयाचेही हात तशाच एका कायद्याने बांधलेले आहेत. महाराष्ट्राने उसनं घेणं स्वीकारलं. ग्रीसला ते जड जातं. उसनं घेतलं म्हणजे मालक समोरचा आहे हे कबूल केल्यासारखं होतं, असं त्यांचं म्हणणं. गाडं तिथेच अडलंय. दरम्यान सिसिलीतल्या पालेर्मोच्या संग्रहालयाने २०२२ मध्ये आणि व्हॅटिकनने २०२३ मध्ये आपल्याकडचे पार्थेनॉनचे लहान तुकडे अथेन्सला देऊन टाकले.

मोठी संग्रहालयं आपल्या बाजूने दोन गोष्टी सांगतात. पहिली, जगभरच्या संस्कृती एका छताखाली दिसल्या तर त्यांचे एकमेकींशी असलेले धागे दिसतात. हे मला मनापासून पटतं. पण असं छत लंडन, पॅरिस, बर्लिन आणि न्यूयॉर्कलाच का, कैरोला किंवा इस्तंबूलला का नाही, याचं उत्तर संस्कृतीच्या इतिहासात मिळत नाही, साम्राज्यांच्या इतिहासात मिळतं. दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. मेटने १९९३ मध्ये तुर्कस्तानला लिडियन खजिना, म्हणजे तिथल्या प्राचीन लिडिया राज्यातल्या मौल्यवान वस्तू, परत दिला. २००६ मध्ये उघडकीला आलं, की उशाकच्या संग्रहालयातून त्यातला पंखवाल्या सागरी घोड्याचा सोन्याचा अलंकार चोरीला गेलाय आणि जागेवर नकली ठेवलाय. तो पुढे परत मिळाला, पण लाज जायची ती गेलीच. मात्र ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियमनेही जाहीर केलं, की आपल्याच भांडारातल्या वस्तू गायब आहेत. चोरलेल्या, हरवलेल्या किंवा खराब केलेल्या अशा वस्तूंचा आकडा २,००० च्या आसपास गेला. सुरक्षितता ही कुठल्याही एका देशाची मक्तेदारी नाही.

‘त्या काळी असंच चालायचं’ असंही एक समर्थन असतं. त्यासाठी थेट त्या काळातच जाऊन बघावं. इ.स.पू. १४६ मध्ये रोमन सेनापती स्किपिओ याने उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज शहर जिंकलं. सिसिलीतल्या शहरांतून कार्थेजने पूर्वी लुटून आणलेल्या मूर्ती तिथे होत्या. त्या रोमला न नेता स्किपिओने ज्या-त्या शहरांना परत केल्या. सेगेस्ता या शहराला त्यांची डायना देवीची काशाची मूर्ती मिळाली. चौथऱ्यावर स्किपिओचं नाव कोरलं गेलं. पुढे सत्तरेक वर्षांनी व्हेरेस नावाचा रोमन सुभेदार सिसिलीवर आला आणि त्याने ती मूर्ती मागितली. सेगेस्ताने नकार दिला, मग दबाव आला. मूर्ती उतरवायला गावातलं कुणी, गुलामसुद्धा, हात लावेना. शेवटी बाहेरगावाहून मजूर आणावे लागले. देवी निघाली तेव्हा सेगेस्ताच्या बायका-मुली जमल्या, तिला सुगंधी तेल लावलं, हार-फुलांनी मढवलं आणि धूप जाळत शिवेपर्यंत सोबत केली. चौथऱ्यावर स्किपिओचं नाव तेवढं उरलं होतं, ते डोळ्यांत खुपतं म्हणून व्हेरेसने चौथराही काढायला लावला.

हे सगळं रोमन वकील आणि वक्ता सिसेरोने व्हेरेसविरुद्धच्या खटल्यासाठी लिहिलं, इ.स.पू. ७० मध्ये. म्हणजे लूट होती, लुटीबद्दल संताप होता, आणि जिंकणाऱ्याने आपणहून परत देण्याचं उदाहरणही होतं. त्या काळी लोकांना हे चुकीचं वाटत नसे, असं म्हणायला जागाच नाही.

याच्या अगदी उलट एक गोष्ट आपल्या मातीशी जोडलेली आहे. १९३८ मध्ये पाँपेईच्या एका घरात हस्तिदंताची एक छोटी स्त्री-मूर्ती सापडली. दागिन्यांनी मढलेली, नखशिखान्त भारतीय. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेली तेव्हा ती तिथे होती, म्हणजे ती सातवाहनांच्या काळात भारतातून निघाली. तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती आपल्या मराठवाड्यात, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडल्यात, आणि ती भोकरदनच्याच परिसरात घडली असावी असं काही अभ्यासक मानतात. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आणि तिकडून इकडे आलेला ग्रीक समुद्रदेव पोसायडन कोल्हापुरात आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली त्याची काशाची छोटी मूर्ती टाउन हॉल संग्रहालयात बघायला मिळते. ती परत द्यावी असं म्हणायला कुठलाच आधार नाही. दोन्ही व्यापाराच्या वाटेने गेल्या, ज्या मातीत थांबल्या तिथेच निघाल्या, आणि कुठे, कशाबरोबर निघाल्या याची नोंद आहे. नेमक्या त्या नोंदीमुळेच दोन हजार वर्षांपूर्वी भारतातला माल कुठवर जायचा हे आपण ठामपणे सांगू शकतो. पाँपेईची मूर्ती चोरबाजारातून आली असती, तर ती एक सुंदर हस्तिदंती बाहुली, एवढंच राहिलं असतं.

म्हणून वस्तू कुणी घडवली यावरून मालकी ठरवू नये, असं मी म्हणतो. अथेन्सचा कुंभ एत्रुस्कन माणसाने रीतसर विकत घेतला होता. त्याच्या थडग्यावर पहिला हक्क ते थडगं जिथे आहे त्या गावाचा. चेर्वेतेरी हेच त्याचं घर.

सगळीच प्रकरणं अशी सुटत नाहीत. १९६४ मध्ये इटलीच्या फानो गावच्या कोळ्यांच्या जाळ्यात एड्रिएटिक समुद्रातून शिंपल्यांनी माखलेला एक काशाचा तरुण खेळाडू आला. ग्रीक बनावट, बहुधा जहाज बुडून समुद्रात गेलेला. कोळ्यांनी तो सरकारला कळवला नाही. कोबीच्या शेतात पुरून ठेवला, विकला, आणि फिरत फिरत तो कॅलिफोर्नियाच्या गेटी म्युझियमने १९७७ मध्ये ३९.५ लाख डॉलरना घेतला. गेटी म्हणतं, मूर्ती ग्रीकांनी घडवली, आंतरराष्ट्रीय पाण्यात सापडली, इटलीचा संबंध काय? इटली म्हणतं, ती आमच्या कोळ्यांनी आमच्या किनाऱ्यावर उतरवली आणि परवान्याशिवाय देशाबाहेर गेली. २०१८ मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने जप्तीचा आदेश कायम केला. मे २०२४ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही इटलीच्या बाजूने कौल दिला. खरेदी करताना गेटीने पुरेशी काळजी घेतली नाही, असा ठपकाही ठेवला.

इथे थडगं नाही, मंदिर नाही, पूजा करणारं गावही नाही. इटलीचा दावा मला चेर्वेतेरीइतका भक्कम वाटत नाही. तरीही मी इटलीच्याच बाजूने उभा राहीन, कारण जहाज नेमकं कुठे बुडालं, त्यात आणखी काय होतं, हे शोधायची संधी त्या दिवशी फानोच्या धक्क्यावर होती आणि लपवाछपवीने ती घालवली. लपवून आणलेली वस्तू पैसे मोजले म्हणून पचते असा पायंडा पडला, तर एड्रिएटिकच्या तळाशी असलेल्या पुढच्या प्रत्येक जहाजाचं हेच होईल.